निनावी नागरिक आणि शासनाचा सर्व्हर

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आल्यानंतर रायपूर येथून जे प्रशासकीय प्रयोग झाले, त्यांत सार्वजनिक वितरण व्यवस्थेच्या संगणकीकरणाची चर्चा देशभर झाली. २००४ च्या नियंत्रण आदेशान्वये राज्याने रास्त भाव दुकाने खाजगी व्यापाऱ्यांकडून काढून घेतली आणि ती ग्रामपंचायती, महिला स्वयंसहायता गट व सहकारी संस्था यांच्याकडे सोपविली. त्यानंतर २००७ पासून राज्याचा खाद्य विभाग आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी धानाच्या खरेदीपासून दुकानातील वाटपापर्यंतच्या नोंदी एका मध्यवर्ती माहितीसाठ्यात आणल्या. शेतकऱ्याने सोसायटीत आणलेला धान, गिरणीतून परत आलेला तांदूळ, नागरी पुरवठा महामंडळाच्या गोदामातून निघालेला ट्रक आणि दुकानाला झालेले नियतन या सर्व बाबी त्यामुळे एका साखळीत दिसू लागल्या.

या व्यवस्थेचा एक भाग नागरिकांसाठी खुला ठेवण्यात आला. 'जनभागीदारी' या नावाच्या संकेतस्थळावर कोणत्याही व्यक्तीस दुकाननिहाय शिधापत्रिकांची यादी, नियतन आणि धान्य रवाना झाल्याची नोंद पाहता येऊ लागली. मोबाइल क्रमांक नोंदविणाऱ्यास, निवडलेल्या दुकानासाठी गोदामातून ट्रक निघताच लघुसंदेश मिळण्याची सोयही करण्यात आली. म्हणजे संदेश हवा असेल त्याने क्रमांक द्यावयाचा; केवळ पाहावयाचे असेल त्याने काहीच द्यावयाचे नाही. संगणकाच्या परिभाषेत या दुसऱ्या प्रकारास निनावी प्रवेश असे म्हणतात. हा प्रवेश सुरक्षितपणे कसा द्यावा, हा प्रश्न वरवर तांत्रिक भासतो. परंतु लोकप्रशासन, माहितीचा अधिकार आणि सायबर सुरक्षा हे तिन्ही विषय येथे एकत्र येतात.

ओळख का विचारू नये?

सर्व माहिती नोंदणी व संकेतशब्दाच्या आड ठेवली तर सुरक्षेचा प्रश्नच उरणार नाही, असे सुचविले जाते. हा मार्ग सोपा खरा, पण त्याची किंमत नेमकी ज्यांच्यासाठी व्यवस्था उभारली त्यांनाच मोजावी लागते. दुकान चालविणारी व्यक्ती बहुधा गावातीलच असते आणि अनेकदा वजनदारही असते. आपण कोणत्या दुकानाचा हिशेब पाहिला याची नोंद नावानिशी कोठेतरी राहते, ही शंकादेखील एखाद्या शिधापत्रिकाधारकास मागे फिरविण्यास पुरेशी ठरते. शिवाय जिच्याकडे स्वतःचा मोबाइल नाही अशी वृद्ध स्त्री चॉइस केंद्रात जाऊन शेजाऱ्याच्या मदतीने यादी पाहते, तेव्हा पासवर्ड आणि लघुसंदेशाने येणारा संकेतांक या दोन्ही गोष्टी तिला अडथळाच ठरतात.

कायद्याची दिशाही हीच आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६(२) नुसार अर्जदाराने माहिती का हवी याचे कारण देण्याची गरज नाही. संपर्कासाठी आवश्यक तेवढ्या तपशिलाखेरीज अन्य वैयक्तिक माहितीही त्याच्याकडून मागता येत नाही. संकेतस्थळावरील माहिती तर अर्जाविनाच द्यावयाची असते. कलम ४(१)(ख) मध्ये अनुदान कार्यक्रमांच्या अंमलबजावणीची रीत आणि लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ चे कलम २७ त्याहून थेट आहे : लक्ष्यनिर्धारित सार्वजनिक वितरण व्यवस्थेचे सर्व अभिलेख, राज्य शासन विहित करील त्या रीतीने, जनतेसाठी खुले ठेवावयाचे आहेत. छत्तीसगढने स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा त्याआधी, डिसेंबर २०१२ मध्येच विधानसभेत संमत केला होता.

खुलेपणाचा परिणाम किती, याविषयी मात्र अतिशयोक्ती टाळावयास हवी. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून अर्थतज्ज्ञांनी काढलेल्या अंदाजानुसार छत्तीसगढमधील धान्यगळती २००४-०५ मध्ये सुमारे ५० टक्के होती, ती २००९-१० मध्ये सुमारे १० टक्क्यांवर आली. या घटीचे श्रेय दुकानांचे हस्तांतरण, वाढविलेले कमिशन, घरपोच नव्हे तरी दुकानपोच वाहतूक आणि राजकीय इच्छाशक्ती यांनाही द्यावे लागते. फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक यंत्रणेने नागरी पुरवठा महामंडळाच्याच कार्यालयांवर छापे घातले, हेही विसरता येत नाही. संकेतस्थळ हे पाहण्याचे साधन आहे; पाहणारा आला नाही तर ते काहीच करीत नाही. म्हणूनच त्याला येणे सोपे असावे.

सर्व्हरच्या दृष्टीने निनावी कोण?

येथे एक मूलभूत गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. (पुढील विवेचन सर्वसाधारण आहे, ते कोणत्याही एका कार्यालयाच्या सर्व्हरचे वर्णन नव्हे.) कोणतीही संगणक प्रणाली 'कोणीही नाही' अशा व्यक्तीसाठी फाइल उघडू शकत नाही. प्रत्येक फाइल कोणत्या तरी खात्याच्या नावानेच उघडली जाते. पाहणाऱ्याने आपले नाव सांगितले नाही, तर सर्व्हर त्याच्या वतीने स्वतःकडील एक ठरावीक खाते वापरतो. पाहणारे हजारो असले तरी कार्यप्रणालीला ते सर्व त्या एकाच खात्याच्या रूपात दिसतात. त्यामुळे निनावी प्रवेशाची सुरक्षा म्हणजे त्या एका खात्याला नेमके काय करता येईल, हे ठरविणे होय.

मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरमध्ये सहाव्या आवृत्तीपर्यंत हे खाते 'आययूएसआर' या अक्षरांपुढे संगणकाचे नाव जोडून तयार होत असे. २००८ च्या विंडोज सर्व्हरसोबत आलेल्या सातव्या आवृत्तीपासून त्याची जागा 'आययूएसआर' या अंगभूत, संकेतशब्दाची गरज नसलेल्या खात्याने घेतली. एकाच यंत्रावर अनेक संकेतस्थळे असतील तर हे सामाईक खाते सर्वांनाच लागू होते आणि एका स्थळात शिरलेल्याला दुसऱ्याच्या फाइली वाचता येण्याचा धोका राहतो. यासाठी निनावी प्रवेश 'ॲप्लिकेशन पूल'च्या स्वतंत्र ओळखीवर चालविणे श्रेयस्कर मानले जाते. तसे केल्यास खाद्य विभागाचे पान आणि शेजारचे क्रीडा विभागाचे पान यांची खाती वेगळी होतात.

लिनक्सवरील अपाची सर्व्हरची रीत थोडी निराळी आहे. ८० व ४४३ या क्रमांकांची द्वारे उघडण्यासाठी मुख्य प्रक्रिया 'रूट' या सर्वाधिकारी खात्याने सुरू होते. प्रत्यक्ष विनंत्या हाताळणाऱ्या उपप्रक्रिया मात्र अल्पाधिकारी खात्याने चालतात. डेबियन व उबंटू या प्रणालींवर त्याचे नाव 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा', तर रेड हॅट कुळातील प्रणालींवर 'अपाची' असे असते. घाईत असलेला एखादा तंत्रज्ञ 'पान उघडत नाही' ही तक्रार मिटविण्यासाठी याच खात्याला सर्व फाइलींची मालकी देऊन मोकळा होतो. पान उघडते, पण त्या क्षणापासून कोणत्याही अनोळखी पाहुण्याच्या हाती ते पान बदलण्याची शक्यताही जाते.

२००० चा धडा

या विषयाचे महत्त्व समजण्यासाठी दोन दशकांपूर्वीची घटना उपयुक्त आहे. ऑक्टोबर २००० मध्ये आयआयएसच्या चौथ्या व पाचव्या आवृत्तीतील एक दोष उघड झाला. पत्त्यातील 'एक पायरी वर जा' ही खूण वेगळ्या सांकेतिक रूपात लिहिली की सर्व्हरची तपासणी ती ओळखत नसे आणि विनंती संकेतस्थळाच्या फोल्डरबाहेर पडून त्याच ड्राइव्हवरील विंडोजच्या फोल्डरपर्यंत पोहोचत असे. एवढ्याने फारसे बिघडले नसते. परंतु निनावी खाते त्या काळी 'एव्हरीवन' व 'यूझर्स' या समूहांचे सदस्य असे, आणि प्रणालीतील आज्ञावली चालविण्याची परवानगी या समूहांना मूळचीच होती. परिणामी, नाव न सांगता आलेल्याला दुसऱ्याच्या सर्व्हरवर आज्ञा चालविता येऊ लागल्या. सप्टेंबर २००१ मध्ये पसरलेल्या 'निमडा' या उपद्रवी प्रोग्रामने याच प्रकारच्या छिद्राचा वापर केला.

ज्या कार्यालयांनी संकेतस्थळाच्या फाइली प्रणालीपासून वेगळ्या ड्राइव्हवर ठेवल्या होत्या, त्यांना या दोषाची झळ कमी लागली. दुसरीकडे जुलै २००१ मधील 'कोड रेड'ने वेगळ्याच दोषातून थेट प्रणालीचे सर्वाधिकार मिळविले. तेथे निनावी खाते कितीही बांधून ठेवले असते तरी उपयोग नव्हता. दुरुस्त्या वेळेवर बसविण्याचे काम परवानग्यांच्या कामाची जागा घेत नाही, आणि परवानग्यांचे काम दुरुस्त्यांची. २००३ च्या विंडोज सर्व्हरपासून आयआयएस आपोआप बसविण्याचे बंद झाले, हा या दोन वर्षांच्या अनुभवाचाच परिणाम होय.

प्रत्यक्ष मांडणी

मांडणीचे तत्त्व असे की आधी सर्व बंद करावे आणि नंतर हवे तेवढेच उघडावे. फेब्रुवारी २०१२ मध्ये आलेल्या अपाचीच्या २.४ आवृत्तीत हे दोन वाक्यांत लिहिता येते : संपूर्ण फाइल-वृक्षाच्या मुळाशी 'रिक्वायर ऑल डिनाइड', आणि केवळ प्रकाशनाच्या फोल्डरसाठी 'रिक्वायर ऑल ग्रँटेड'. क्रम उलट केला, म्हणजे सर्व उघडे ठेवून नको ते एकेक बंद करीत गेले, तर विसरलेली प्रत्येक गोष्ट उघडीच राहते. विसरलेल्या गोष्टी सहसा सारख्याच असतात : माहितीसाठ्याची जुनी प्रत, 'चाचणी' नावाचा फोल्डर, संकेतशब्द असलेली मांडणीची फाइल.

फाइलींच्या परवानग्या लिनक्समध्ये तीन अंकांनी लिहितात. वाचनास ४, लेखनास २ व चालविण्यास १ गुण धरून त्यांची बेरीज करावयाची. पहिला अंक मालकाचा, दुसरा समूहाचा, तिसरा इतर सर्वांचा. फाइलीस ६४० दिल्यास मालक वाचतो व लिहितो, समूह केवळ वाचतो आणि इतरांना काहीच करता येत नाही. मालक म्हणून पाने तयार करणाऱ्या अधिकाऱ्याचे खाते आणि समूह म्हणून वेब सर्व्हरचे खाते ठेवले की हवी ती विभागणी साधते. फोल्डरला ७५० देतात, कारण फोल्डरच्या बाबतीत १ हा गुण 'आत जाणे' असा घेतला जातो. ७७७ हा आकडा मात्र कोणत्याही शासकीय सर्व्हरवर दिसू नये.

फोल्डरमध्ये मुख्य पान नसेल तर काही सर्व्हर तेथील सर्व फाइलींची यादीच दाखवितात. ही सोय बंद ठेवावी. शोधयंत्रांनी काय वाचू नये हे सांगणारी 'रोबोट्स' नावाची फाइल अनेकजण कुलूप समजतात. ती केवळ विनंती आहे, आणि ती स्वतः सर्वांना वाचता येत असल्याने लपवावयाच्या फोल्डरचा पत्ताच तिच्यातून जगजाहीर होतो.

या संदर्भात दोन सांकेतिक उत्तरांतील भेद विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. ४०१ म्हणजे 'आधी ओळख पटवा', तर ४०३ म्हणजे 'विनंती समजली, परंतु परवानगी नाही'. निनावी वाचकास खुल्या पानावर ४०१ येऊ लागले, तर त्या खात्याची परवानगी किंवा निनावी प्रवेशाची मांडणी बिघडली आहे, असे समजावे. परवानगीचा घोळ एकतर अति खुलेपणा आणतो किंवा असा निष्कारण बंदोबस्त. दुसऱ्या प्रकाराची तक्रार क्वचितच कोणी करतो, कारण नागरिक मुकाट्याने निघून जातो.

माहितीसाठा : खरी जोखीम

धान्यवाटपासारख्या संकेतस्थळावर फाइलींपेक्षा माहितीसाठ्याचे प्रश्न अधिक गंभीर असतात. खुल्या पानांनी मूळ तक्त्यांना हातच लावू नये, यासाठी माहितीसाठ्यात एक स्वतंत्र खाते ठेवतात. त्याला केवळ वाचनाची आणि तीही मूळ तक्त्यांऐवजी त्यांच्या निवडक स्तंभांपासून बनविलेल्या दृश्यांची परवानगी असते. या दृश्यात दुकानाचा क्रमांक, कार्डाचा प्रकार, कुटुंबप्रमुखाचे नाव, सदस्यसंख्या व उचललेले धान्य असावे. आधार क्रमांक, मोबाइल आणि बँक खाते हे स्तंभ त्यात मुळीच नसावेत. पानावर अंकांच्या जागी फुल्या दाखविणे पुरेसे नाही. अनेकदा पूर्ण अंक वाचकाच्या ब्राउझरपर्यंत आलेलेच असतात व फुल्या तेथे मागाहून लावल्या जातात. पानाचा मूळ मजकूर उघडताच ते दिसतात. शोधचौकटीत लिहिलेला मजकूर आज्ञेचा भाग म्हणून चालू नये, यासाठी प्राचलांसहित प्रश्न लिहिण्याची शिस्तही पाळावी लागते. ती कोठे चुकली तरी केवळ-वाचन खात्यामुळे नुकसान त्या दृश्यांपुरतेच मर्यादित राहते.

आणखी एक दोष फार साधा आहे. पानाच्या पत्त्यात कार्डाचा क्रमांक असतो. तो एकाने वाढविला की पुढील कुटुंबाचे पान उघडते. यादी कायद्यानेच खुली असेल तर यात काही वावगे नाही. परंतु त्याच पद्धतीने अर्जासोबतची कागदपत्रे किंवा छायाचित्रे उघडू लागली, तर तो प्रवेश-नियंत्रणाचा भंग ठरतो. वेब सुरक्षेच्या क्षेत्रातील 'ओवास्प' या संस्थेने २०२१ च्या आपल्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत प्रवेश-नियंत्रणातील दोषांना पहिले स्थान दिले, ते अशाच चुकांमुळे.

काय उघडावे, हे कोण ठरविणार?

सर्व्हरची मांडणी करणाऱ्या तंत्रज्ञावर हा निर्णय सोडणे अन्यायाचे आहे. २०१२ च्या राष्ट्रीय माहिती सामायिकीकरण व उपलब्धता धोरणाने त्यासाठी खुला, नोंदणीकृत आणि निर्बंधित असे प्रवेशाचे तीन प्रकार सांगितले. महाराष्ट्रातील ऑनलाइन सातबाऱ्याच्या बाबतीत हा भेद परिचयाचा आहे : केवळ माहितीसाठी उतारा पाहणे निराळे आणि २०१८ पासून उपलब्ध झालेला डिजिटल स्वाक्षरीचा उतारा शुल्क भरून घेणे निराळे. वर्गीकरण विभागाने करावयाचे आणि तंत्रज्ञाने ते खात्यांच्या परवानग्यांत उतरवावयाचे, अशी ही श्रमविभागणी आहे.

ती न झाल्यास काय घडते, हे एप्रिल २०१७ मध्ये दिसले. झारखंडच्या सामाजिक सुरक्षा विभागाच्या संकेतस्थळावर दहा लाखांहून अधिक निवृत्तिवेतनधारकांचे आधार क्रमांक कोणालाही दिसत होते. ही घरफोडी नव्हती. दार विभागानेच उघडे ठेवले होते. लाभार्थ्यांची यादी प्रसिद्ध करणे कायद्यास धरून होते, पण आधार अधिनियम, २०१६ च्या कलम २९(४) नुसार आधार क्रमांक प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. एकाच तक्त्यातील दोन शेजारच्या स्तंभांपैकी एक उघडणे बंधनकारक आणि दुसरा उघडणे निषिद्ध, अशी ही स्थिती होती.

त्याच वर्षी २४ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी प्रकरणात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्यातून पुढे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. या अधिनियमाने माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(ञ) चा वैयक्तिक माहितीविषयक अपवाद अधिक रुंद केला, याबद्दल चिंता व्यक्त झाली असून ती निराधार नाही. तथापि, अन्य कायद्याच्या बंधनामुळे जी वैयक्तिक माहिती जाहीर करण्यात आली आहे, तिला हा अधिनियम लागू होत नाही, असे त्याच्या कलम ३ मध्येच नमूद आहे. अन्न सुरक्षा अधिनियमाच्या कलम २७ खालील याद्या या तरतुदीच्या आधारे खुल्या ठेवता येतात. नव्या कायद्याचे नाव पुढे करून शिधापत्रिकांच्या याद्या लॉग-इनच्या आड नेणे योग्य ठरणार नाही.

नोंदवही आणि तक्रारपेटी

निनावी वाचकाचे नाव सर्व्हरला ठाऊक नसले तरी त्याच्या जोडणीचा आयपी पत्ता, वेळ आणि मागितलेले पान यांची नोंद होतच असते. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथक, अर्थात सर्ट-इन, याच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस जपून ठेवावयाच्या असतात व सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावयाची असते. नोंदी ठेवणे आवश्यक असले, तरी त्या फाइली प्रकाशनाच्या फोल्डरबाहेर असाव्यात. कार्डाचा क्रमांक पत्त्यातून पाठविला जात असेल तर तो नोंदवहीतही उतरतो, हे अनेकदा ध्यानी येत नाही.

सबंध यादी यंत्राने उपसून नेणाऱ्यांना आवरण्यासाठी एका आयपी पत्त्यावरून येणाऱ्या विनंत्यांवर मर्यादा घालतात. ही मर्यादा विचारपूर्वक ठरवावी लागते. एका चॉइस केंद्रावरून दिवसभरात शंभर कुटुंबे येतात, आणि मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतात. सर्व्हरला ती गर्दी हल्ल्यासारखी दिसू शकते. वाचता न येणारी वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याची अटही दृष्टिहीनांना व नवसाक्षरांना दूर लोटते; तिच्यासोबत ध्वनीचा पर्याय ठेवणे आवश्यक आहे.

एका ठिकाणी मात्र निनावी वाचकाला लिहू द्यावेच लागते, आणि ते म्हणजे तक्रारीचे पान. 'दुकान महिन्यातून दोनच दिवस उघडते' एवढेच एखाद्याला कळवावयाचे असते आणि नाव सांगावयाचे नसते. अशा पानासाठी माहितीसाठ्यात आणखी एक खाते करतात, ज्याला तक्रारींच्या तक्त्यात नवी ओळ घालता येते, पण आधीच्या ओळी वाचता, बदलता किंवा पुसता येत नाहीत. सोबत छायाचित्र जोडण्याची सोय असेल तर ते अशा फोल्डरमध्ये साठवितात, जेथील कोणतीही फाइल सर्व्हर प्रोग्राम म्हणून चालवीत नाही आणि जो बाहेरून उघडत नाही. तक्रारी वाचण्याचे काम विभागाच्या अधिकाऱ्याचे असते. तो आतील जाळ्यातून, स्वतःच्या नावाने आणि संकेतशब्दाने प्रवेश करतो. त्याने कोणती तक्रार केव्हा उघडली, याची नोंद त्याच्या नावापुढे राहते.